खेळांवरचे आणि शर्यतींवरचे रंजक चित्रपट : खरा खेळ कशात दिसतो?

अंबाजोगाईकर (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या सभागृहात दिवाळीच्या सुट्टीत तीन संध्याकाळी खेळांवरचे आणि शर्यतींवरचे चित्रपट दाखवण्याचा बेत आहे. प्रेक्षकांत आठवी-नववीच्या मुलांपासून निवृत्त मुख्याध्यापकांपर्यंत सगळे असतील. निवडीचे काम माझ्या गळ्यात पडले असून, त्यासाठी जुने-नवे चित्रपट पुन्हा पाहताना एक गोष्ट सारखी खटकत राहिली, म्हणून येथे विचारतो आहे.

आपल्याकडच्या बऱ्याच क्रीडापटांत खेळ केवळ खुंटीसारखा असतो. बापलेकीचा संघर्ष, देशप्रेम, प्रशिक्षकाचा भूतकाळ, अधूनमधून एखादे प्रेमगीत हे सगळे त्या खुंटीला टांगले जाते आणि शेवटी एक सामना उरकून घेतला जातो. त्या सामन्यात कोण का हरते आहे हे समजण्याची सोय नसते. घामाचे थेंब मंद गतीने उडतात, समालोचक ओरडून ओरडून कथा सांगतो आणि फलकावर गुण झळकले की आपण टाळ्या वाजवायच्या. याउलट २०२५ मध्ये आलेला जोसेफ कोसिन्स्की यांचा ‘एफ वन’ मी छत्रपती संभाजीनगरला जाऊन पाहिला. कथा म्हणाल तर अगदी बेताची आहे : उतारवयाकडे झुकलेला चालक परत येतो, तरुण सहकाऱ्याशी त्याचे खटके उडतात आणि अखेर दोघांचे जमते. तरीही पाच लाल दिवे एकामागून एक लागून एकाच वेळी विझले, तेव्हा शेजारच्या खुर्चीतल्या मुलाचा पॉपकॉर्नने भरलेला हात तोंडापाशीच थांबला होता. ज्यांनी फॉर्म्युला वनची एकही शर्यत पाहिली नसावी अशी माणसे मध्यंतरात कोणते टायर किती फेऱ्या टिकतात याची चर्चा करत होती.

तेव्हा प्रश्न असा, की ज्यांत खेळच मनोरंजन करतो, कथा त्याच्या आड येत नाही, असे चित्रपट तुमच्या मते कोणते? आणि खऱ्या घटनांवरच्या चित्रपटाने रंगत आणण्यासाठी सत्याशी किती खेळावे?

वाळूजचा तपासनीस

मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग तपासण्याचे काम करतो, त्यामुळे माझे मत यंत्राच्या बाजूला झुकलेले आहे हे आधीच गृहीत धरावे.

शर्यतीच्या चित्रपटांत एक ठरलेला प्रसंग असतो. नायक मागे पडतो, दातओठ खातो, गिअर बदलतो, अॅक्सिलरेटर आणखी खाली दाबतो आणि सगळ्यांना मागे टाकून निघून जातो. मला दर वेळी प्रश्न पडतो, की मग तोवर हा गृहस्थ पाय आखडून कशासाठी बसला होता? सरळ रस्त्यावर सगळेच पूर्ण दाबून चालवत असतात. चालकाचे कसब दिसते ते वळणाआधी कोण किती उशिरा ब्रेक लावतो आणि तरीही गाडी ताब्यात ठेवतो यात, आणि ज्या दिग्दर्शकाला हे समजले त्याचा चित्रपट आपोआप रंगतो.

म्हणून माझी पहिली पसंती जेम्स मॅन्गोल्ड यांच्या २०१९ च्या ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ला आहे. १९६६ ची फ्रान्समधल्या ल माँची चोवीस तासांची शर्यत हा त्याचा विषय. तेव्हा तेथे सुमारे सहा किलोमीटरचा सरळ पट्टा होता. त्यावरून ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने आलेली जड गाडी टोकाच्या वळणाशी अगदी कमी वेगापर्यंत आणायची आणि हे दिवसरात्र करत राहायचे. ब्रेकच्या डिस्क लालभडक होतात आणि चोवीस तास टिकत नाहीत. मग फोर्डच्या माणसांनी सगळी ब्रेकव्यवस्थाच झटपट बदलता येईल अशी बसवली. यंत्रातल्या एका अडचणीतून नाट्य कसे उभे राहते हे पाहायचे असेल तर गाडी थांबवून ब्रेक बदलण्याचा तो प्रसंग पाहावा. त्यात कोणी कोणाच्या गळ्यात पडत नाही, तरी श्वास रोखला जातो.

शेवटही खराच आहे. फोर्डचा चालक केन माइल्स पुढे असताना कंपनीच्या वरिष्ठांना तीन गाड्या एकत्र अंतिम रेषा ओलांडतानाचे छायाचित्र हवे होते. माइल्सने वेग कमी केला, आणि ब्रूस मॅक्लारेन व ख्रिस अॅमन यांची गाडी सुरुवातीला मागच्या जागेवरून निघाली असल्याने तिने काही मीटर अधिक अंतर कापले असे ठरवून विजय त्यांना देण्यात आला. दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १९६६ मध्ये, नव्या गाडीची चाचणी घेताना माइल्सचा मृत्यू झाला. चित्रपटात शर्यतीच्या दिवशी फेरारी कंपनीचे मालक एन्झो फेरारी मैदानावर हजर दाखवले आहेत, प्रत्यक्षात ते तेथे नव्हते. ही सूट मला चालते, कारण तिच्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही.

न चालणारी सूट ‘ग्रॅन टुरिस्मो’ या २०२३ च्या चित्रपटात आहे. जॅन मार्डनबरो या चालकाच्या गाडीचा जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंग या शर्यतमार्गावर अपघात होऊन एका प्रेक्षकाचा जीव गेला तो २०१५ मध्ये. चित्रपटात तो अपघात २०१३ च्या ल माँच्या आधी आणून ठेवला आहे, म्हणजे नायकाने खचावे, मग सावरावे आणि शेवटी बक्षीस मिळवावे, अशी चढण तयार होते. एका माणसाचा खरा मृत्यू पटकथेची पायरी म्हणून वापरणे मला तरी पटले नाही.

जाता जाता ‘एफ वन’विषयी. नायक मुद्दाम किरकोळ धडका घडवून सुरक्षा-गाडी (अपघातानंतर सगळ्यांचा वेग कमी ठेवायला पुढे धावणारी गाडी) मैदानात आणतो आणि आपल्या सहकाऱ्याचा फायदा करून देतो, हे पाहताना मजा येते. परंतु २००८ मध्ये सिंगापूरच्या शर्यतीत एका संघाने नेमके असेच केले होते आणि पुढल्या वर्षी ते उघडकीस आल्यावर संघप्रमुखाला खेळातून बाहेर जावे लागले होते. मुलांना दाखवणार असाल तर हे सांगून दाखवावे.

आष्टीचा क्रीडाशिक्षक

यंत्राचे पुष्कळ झाले, आता पायांविषयी.

धावण्यावर चित्रपट काढणे फार अवघड असते, कारण धावण्यात दाखवण्यासारखे थोडेच असते. ‘भाग मिल्खा भाग’ हा २०१३ चा चित्रपट तीन तासांहून मोठा आहे आणि रोमच्या १९६० च्या ऑलिंपिकमधली ती चारशे मीटरची शर्यत सेहेचाळीस सेकंदांच्या आत संपली. मधला सगळा वेळ भरायचा कशाने? फाळणीचे प्रसंग जोरकस आहेत आणि फरहान अख्तर यांनी शरीर कमावण्यासाठी घेतलेले कष्ट दिसतात, हे मान्यच आहे. मात्र चारशे मीटर कशी धावायची असते, पहिल्या दोनशेत किती ताकद खर्चायची, शेवटच्या ऐंशी मीटरमध्ये पाय शिशाचे का होतात, यातले काही माझ्या विद्यार्थ्यांना त्यातून समजले नाही. त्यांच्या लक्षात राहिली ती टायर ओढत पळण्याची दृश्ये, आणि दुसऱ्या दिवशी दोघे-तिघे ट्रॅक्टरचा जुना टायर शोधत हिंडत होते.

त्या तुलनेत तिग्मांशू धुलिया यांचा २०१२ चा ‘पान सिंग तोमर’ मला कितीतरी सरस वाटतो. तो अर्धा बागी, म्हणजे दरोडेखोर, झालेल्या माणसाचा चित्रपट आहे, तरीसुद्धा त्यात स्टीपलचेस ही शर्यत नीट दिसते. तीन हजार मीटरमध्ये अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्याची उडी असते, आणि हे अडथळे साध्या हर्डलसारखे पाय लागला तर पडत नाहीत, धावपटूच पडतो. सैन्यात खेळाडूला खुराक जास्त मिळतो म्हणून खेळाकडे वळलेला शिपाई इरफान खान यांनी असा उभा केला आहे, की त्याच्या तोंडची कोरडी वाक्ये ऐकून हसू येते आणि त्याच वेळी त्याची भूक समजते. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि अभिनेत्याचा असे दोन्ही राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाले.

मी हे मुद्दाम सांगतो आहे, कारण हाच क्रीडाप्रकार आमच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी जगापुढे नेला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. सुवर्ण हुकले ते ०.०५ सेकंदाने. १९९४ नंतर या शर्यतीत केनियाबाहेरच्या धावपटूला पदकच मिळाले नव्हते. त्यांच्यावर कोणी चित्रपट काढलाच, तर माझी एवढीच विनंती राहील, की शेवटच्या पाण्याच्या उडीनंतरचे ते अंतर मंद गतीत दाखवू नये. जसे घडले त्याच वेगाने दाखवावे, म्हणजे ०.०५ सेकंद म्हणजे किती थोडे, हे प्रेक्षकाला समजेल.

निवांत लातूरकर

आपण सगळे फारच गंभीर झालात, सर. दिवाळीच्या सुट्टीत लोक शिकायला येणार नाहीत, रमायला येणार आहेत. ‘लगान’ दाखवा आणि मोकळे व्हा. त्यातला एकही सामना इतिहासात झालेला नाही, तारखेचा वाद नाही, कोणाची बदनामी नाही, आणि २००१ पासून आजवर ज्याने तो पाहिला तो शेवटच्या चेंडूला खुर्चीच्या टोकावर येतोच.

खेळ दिसत नाही ही तक्रारही तेथे लागू पडत नाही. आशुतोष गोवारीकर यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली आहे : १८९३ सालच्या गावकऱ्यांना क्रिकेट ठाऊक नाही, म्हणून ते त्यांना शिकवावे लागते, आणि त्यांच्याबरोबर ज्या प्रेक्षकाला क्रिकेट ठाऊक नाही तोही शिकतो. माझ्या आजीने जन्मात सामना पाहिला नव्हता, पण शेवटी कचरा नावाचा खेळाडू खेळत असताना चेंडू नो-बॉल ठरला आणि फलंदाजी नायक भुवनकडे आली, तेव्हा तिला कोणी काही समजावून सांगावे लागले नाही. नियमातून नाट्य म्हणतात ते हेच असावे.

‘चक दे! इंडिया’चेही तेच. हॉकीच्या दृश्यांसाठी माजी हॉकीपटू मीररंजन नेगी यांच्याकडून मुलींना तयार करून घेतले होते आणि ते पडद्यावर दिसते. शेवटचा पेनल्टी स्ट्रोक कोठे येणार हे प्रशिक्षक झालेले शाहरुख खान मैदानाबाहेर उभे राहून ओळखतात.

अंबाजोगाईकर

लातूरकर, आपले म्हणणे निम्मे मान्य. ‘लगान’ यादीत घेतो आहे. मात्र सत्याचा प्रश्न केवळ गंभीर माणसांचा आहे असे मला वाटत नाही, कारण ‘दंगल’ पाहून आलेल्या आमच्या गल्लीतल्या मुलांना आजही वाटते, की गीता फोगाट यांच्या अंतिम लढतीच्या वेळी त्यांच्या वडिलांना प्रशिक्षकाने खोलीत कोंडून ठेवले होते. तसे काही घडलेले नाही. २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत गीता यांनी ती अंतिम लढत एकतर्फी जिंकली होती. शेवटच्या क्षणाच्या डावाची तेथे गरजच पडली नाही. तेव्हाच्या प्रशिक्षकांनी चित्रपटानंतर उघड नाराजी व्यक्त केली होती. तपासनीस म्हणतात त्या कसोटीने पाहिले, तर येथे एका हयात माणसाचे बिघडले आहे.

आणि गंमत अशी, की त्या चित्रपटाला याची गरज नव्हती. पूर्वार्धात मातीतल्या कुस्त्या आहेत, मुलग्यांशी लढायला उतरलेली पोर पाहून आखाड्यावरची माणसे हसतात आणि मग त्यांचे हसू हळूहळू विरत जाते. तो सगळा भाग डोळ्यांचे पारणे फेडणारा आहे. ज्या लातूर जिल्ह्याने हरिश्चंद्र बिराजदार यांच्यासारखा मल्ल दिला, तेथल्या माणसाला मी कुस्तीचे आणखी काय सांगावे! एकतर्फी विजयसुद्धा रंजक दाखवता आला असता. वर्षानुवर्षांच्या मेहनतीनंतर प्रतिस्पर्धी सहज पडावी यात एक वेगळेच समाधान असते.

कयाधूकाठचा

मी हिंगोली जिल्ह्यातला. इतका वेळ वाचतो आहे आणि मनात एकच येते आहे, की आपल्या दारातल्या शर्यतीवर असा एकही चित्रपट मला आठवत नाही, जो पाहून परक्या माणसाला ती समजावी. मी शंकरपटाविषयी, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीविषयी बोलतो आहे.

शिक्षक म्हणाले तीच अडचण येथेही आहे : जोडी सुटली की मोजक्या सेकंदांत खेळ आटोपतो. तो कसला पाहायचा, असे शहरातला माणूस विचारतो. परंतु पट पाहायला गेलेला माणूस त्या सेकंदांसाठी दिवसभर उन्हात उभा असतो, ते उगाच नव्हे. दोन्ही बैल एकाच क्षणी उठले का, एक अंगाने पुढे आणि दुसरा ओढला जातो आहे का, धुरकऱ्याने, म्हणजे बैल हाकणाऱ्याने, छकडीवर (हलक्या गाडीवर) तोल कसा ठेवला, हे जाणत्याला पहिल्या काही पावलांत दिसते. धुरकरी बसतो असे म्हणायचे एवढेच. दोन पायांच्या बोटांवर तो जवळजवळ लोंबकळत असतो आणि धूळ इतकी उडते, की अर्ध्या वाटेनंतर त्याला बैलांच्या पाठीपलीकडचे काही दिसत नसावे. जोडी रेषेपार गेली, की सगळ्या माना घड्याळवाल्याकडे वळतात. तो लगेच बोलत नाही, आणि तेवढ्यात गर्दीत पैजेची कुजबुज होते.

चित्रपटाला लागणारी कथाही तयारच आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्या अटींवर पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या त्या वर्षांत ज्याने पटाची जोडी विकली नाही, सरकी आणि कणीक चारत राहिला आणि घरच्यांची बोलणी खात राहिला, त्या शेतकऱ्यावर चित्रपट काढावा. त्यात बंदी का आली हेही दाखवावे; पराणीचे टोचणे आणि शेपटी पिरगाळणे आम्ही सगळ्यांनी पाहिलेले आहे, ते झाकून केलेला चित्रपट गावातच कोणी खरा मानणार नाही. आता पशुवैद्यकाची तपासणी आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि त्या कागदपत्रांच्या धावपळीत विनोदाला भरपूर जागा आहे.

वाळूजचा तपासनीस

कयाधूकाठच्या मित्रांनी घड्याळवाल्याचे जे सांगितले, त्यावरून रॉन हॉवर्ड यांचा २०१३ चा ‘रश’ आठवला. १९७६ च्या फॉर्म्युला वन मोसमात चालक निकी लाउडा न्यूरबर्गरिंगवर अपघातात भाजले आणि सहा आठवड्यांत पुन्हा गाडीत बसले. मोसमातली अखेरची शर्यत जपानमध्ये फुजी येथे भर पावसात झाली. लाउडा दोनच फेऱ्यांनंतर थांबले. असल्या पावसात जीव धोक्यात घालणे त्यांना मान्य नव्हते. त्यांचे प्रतिस्पर्धी जेम्स हंट तिसरे आले, पण आपण कितवे आलो हे त्यांना काही वेळ कळलेच नाही. तिसरे आल्यामुळे ते एका गुणाने विश्वविजेते ठरले, आणि ते कळेपर्यंतचा गोंधळ हाच चित्रपटाचा कळस आहे. दोघांत हाडवैर दाखवले आहे ते मात्र वाढवलेले. प्रत्यक्षात ते मित्र होते. लाउडा यांनी हयातीत तो चित्रपट पाहिला आणि त्याचे कौतुकही केले, त्यामुळे ही सूट मी माफ करतो. काही दृश्ये मुलांसमोर नकोत, एवढे ध्यानात ठेवावे.

आष्टीचा क्रीडाशिक्षक

मुलांचाच विचार असेल तर नागराज मंजुळे यांचा २०२२ चा ‘झुंड’ राहून गेला आहे. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणारे विजय बारसे यांच्यावरून तो घेतला आहे. उत्तरार्ध लांबला आहे, पासपोर्टच्या खटपटीत खेळ मागे पडतो; परंतु भिंतीपलीकडच्या महाविद्यालयाच्या संघाशी होणारा पूर्वार्धातला सामना निव्वळ धमाल आहे. बूट नाहीत, ठरलेल्या जागा नाहीत, आणि तरीही कोण कोणाकडे चेंडू देतो आहे हे प्रत्येक क्षणी समजते. आमच्या शाळेत तो सामना पाहून झाल्यावर मुलांनी उरलेला चित्रपट पाहण्याऐवजी मैदानावर जाण्याची परवानगी मागितली, आणि मी ती दिली.

अंबाजोगाईकर

सर्वांचे आभार. पहिल्या संध्याकाळी ‘लगान’ ठेवतो. तो पावणेचार तासांच्या आसपास चालतो, तेव्हा पाच वाजता सुरू करावा लागेल, नाहीतर खेड्यावरून येणाऱ्यांची शेवटची बस चुकेल. दुसऱ्या दिवशी ‘झुंड’. तिसऱ्या दिवसासाठी मी ‘पान सिंग तोमर’ आणि ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ यांत अडकलो आहे. पहिल्यात शिव्या आणि गोळीबार आहे, दुसऱ्यात भाषेची अडचण. उपशीर्षके वाचण्याच्या नादात मुलांचे शर्यतीकडे दुर्लक्ष होईल का?

वाळूजचा तपासनीस

शर्यतीच्या प्रसंगांत संवाद फारच थोडे आहेत, त्यामुळे तेथे अडचण येणार नाही. कार्यालयातल्या बैठकांचे प्रसंग तेवढे कोणीतरी आधी दोन मिनिटांत सांगून टाकावेत. सभागृहाचा ध्वनिक्षेपक मात्र आधी तपासून घ्या. भाषणाच्या ध्वनिक्षेपकावर इंजिनाचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा येतो. आणि तिन्ही चित्रपटांच्या सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी हक्कधारकांकडून आताच मागवा, त्याला वेळ लागतो.

कयाधूकाठचा

तिसऱ्या दिवशी मी येतो आहे. दोन-तीन जण सोबत आणले तर जागा होईल ना?